घाटाखालचे मास्तर

क्लॅरिओनेटवर एकच सूर दोन-तीन तऱ्हांनी काढता येतो. बोटं वेगळी, चाव्या वेगळ्या, सूर तोच. यातली कुठली तऱ्हा केव्हा घ्यायची हे हाताला कळू लागलं की वाद्य यायला लागलं, असं मी आज शाळेतल्या मुलांना सांगतो. सांगणारा मी असलो तरी ही कमाई माझी नाही. ती खामगावच्या एका बँडमास्तरांची आहे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. बँडच्या गाडीवर मालकाचं नाव मोठ्या अक्षरांत असायचं. त्याखाली आपलं नाव रंगवायला त्यांनी कधी दिलं नाही. आम्ही पोरं त्यांना मास्तर म्हणायचो. इथेही तेच म्हणतो.

बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं, तर तो आधी घाटावरचा की घाटाखालचा ते सांगतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे असे दोन भाग केले आहेत. वर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. मी घाटाखालचा. खामगाव कापसाचं गाव. १८७० साली कापसासाठीच जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आणला गेला. माझे वडील एका जिनिंग फॅक्टरीत हंगामी कामगार होते. कापूस संपला की काम संपायचं आणि घरात पैसा यायचा थांबायचा. कापसाचा हंगाम उतरतो तेव्हा लग्नाचा चढतो, म्हणून मॅट्रिकच्या परीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात मी बँडमध्ये गेलो. संगीताच्या ओढीनं गेलो असं लिहायला बरं वाटलं असतं. पण गेलो तो रोजासाठी.

मला बासरी येत होती. गावच्या भजनी मंडळात ऐकून ऐकून वाजवायला शिकलो होतो. बँडच्या मालकाला दुसऱ्या क्लॅरिओनेटला माणूस हवा होता आणि बासरीवाल्याला क्लॅरिओनेट जमेल, असा त्याचा हिशेब होता. माझाही तोच होता. भोकं झाकायची, फुंकायचं, यापलीकडे त्यात काय असणार, असं मला वाटत होतं. माझ्या हातात आलेलं वाद्य मेरठचं, जुनं, बऱ्याच हातांतून गेलेलं होतं. मेरठच्या जली कोठीत बँडची वाद्यं बनतात आणि उत्तरेपासून इथवरच्या वरातींत ती वाजतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मास्तरांनी रीड ओली करायला लावली, पकड दाखवली आणि म्हणाले, वाजव.

खालचं सप्तक निघालं. आमचं वाद्य बी-फ्लॅटचं. डावा अंगठा आणि डाव्या हाताची तीन बोटं झाकली की जो सूर येतो, त्याला मास्तर सा धरायचे. पेटीवर ती काळी पाच. रे ला एक बोट कमी, ग ला आणखी एक कमी, म ला नुसता अंगठा, प ला सगळंच उघडं. इथवर बासरीनं शिकवलेलं उपयोगी पडलं. मग मी वरचा सा काढायला गेलो. बासरीवर सा ची बोटं तशीच ठेवून फुंक कसली की तार सा येतो. इथे मी सा ची बोटं ठेवली, अंगठ्याजवळची मागची चावी दाबली, आणि निघाला तो तारसप्तकातला पंचम. मी परत केलं. परत पंचम. मला वाटलं वाद्य बिघडलेलं आहे.

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, “तुही बासरी येथी नाही चालत बाप्पा. हे नळीच अलग हाय.”

त्यामागचं शास्त्र मला फार पुढे पुस्तकातून कळलं. बासरीची नळी दोन्ही टोकांना उघडी असल्यासारखी वागते, म्हणून जोर वाढवला की तिच्यातला कंप दुप्पट होतो आणि वरच्या सप्तकातला तोच सूर येतो. क्लॅरिओनेटची नळी सरळ असते आणि रीडच्या बाजूनं बंद असल्यासारखी वागते; तिच्यात कंप दुप्पट होत नाही, एकदम तिप्पट होतो. सा चा तार प होतो तो त्यामुळे. म्हणजे एका सप्तकाची बोटं दुसऱ्या सप्तकात कामाला येत नाहीत. खालची बोटं वेगळी शिकायची, वरची वेगळी, आणि मधली जी दरी राहते ती भरायला आणखी चाव्या. मास्तरांना यातला एकही शब्द सांगता आला नसता. पण त्या नळीचं वागणं त्यांच्या बोटांना पाठ होतं.

ती मधली दरी ध आणि नी च्या मध्ये येते. प ला हात मोकळे. ध ला फक्त डाव्या तर्जनीच्या पेरानं एक चावी दाबायची. आणि लगेच वरच्या नी ला मागच्या चावीसकट दोन्ही हातांची जवळजवळ सगळी बोटं एकदम खाली यायला हवीत. त्यातलं एक बोट जरी उशिरा आलं तरी सूर चिरकतो. माझा दर वेळी चिरकायचा. खामगावहून बुलडाण्याला जाताना बोथ्याचा घाट लागतो. मास्तर या जागेला घाटच म्हणायचे. “हा घाट हाय. चढावर येऊन गिअर बदलशील त गाडी मांगं येईन. आंधीच बदलजो.”

आधीच म्हणजे कसं, ते त्यांनी माझा उजवा हात धरून दाखवलं. प आणि ध वाजवताना उजव्या हाताला काम नसतं. तो रिकामा असतो तेव्हाच त्याची बोटं भोकांवर बसवून टाकायची. ध बिघडत नाही. उलट थोडा भरदार होतो. मग नी वर जाताना फक्त डावा हात खाली यायचा उरतो. एकाच ध ला दोन तऱ्हा असू शकतात, एक उजवा हात मोकळा ठेवून आणि एक उजवा हात झाकून, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं. परत खाली यायचं असेल तर मोकळा ध, वर जायचं असेल तर झाकलेला.

कळलं असं म्हणतो खरा, पण त्या वर्षी मी ते एक युक्ती म्हणून घेतलं. अशा बऱ्याच युक्त्या मास्तरांकडे होत्या आणि मला त्या सगळ्या जुन्या, झिजलेल्या वाद्यांवर वेळ मारून नेण्यासाठी असाव्यात असं वाटायचं. खरी बोटं एकच असणार, बाकीची आडवाटेची, अशी माझी समजूत होती. शाळेत गणिताला एकच उत्तर असायचं. मी तेच मोजमाप इथे लावत होतो.

मास्तर स्वतः दोन वाद्यं शिकलेले होते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तरुणपणी ते जुन्या धाटणीच्या, कमी चाव्यांच्या क्लॅरिओनेटवर वाजवायचे. त्यावर करंगळ्यांच्या चाव्या मोजक्या, एका सुराला एकच, म्हणून करंगळी एका चावीवरून दुसरीवर घसरवत न्यावी लागायची. घसरावी म्हणून ते वाजवण्याआधी करंगळी केसांच्या तेलावर फिरवून घेत. पुढे बँडमध्ये नव्या धाटणीची वाद्यं आली. त्यांच्यावर तळाच्या तीन सुरांच्या चाव्या दोन्ही करंगळ्यांना दिलेल्या असतात, कुठलीही वापरा. वय वाढल्यावर मास्तरांनी हात पुन्हा नव्यानं बसवला. पण वाजवायच्या आधी करंगळी केसांवरून फिरवायची सवय शेवटपर्यंत राहिली.

आषाढी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसतात. गणपती आणि देवीचे दिवस सोडले, तर बँडला काम नसतं. तेच आमचे शिकायचे महिने. मास्तरांचं घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. पावसात पत्रा इतका वाजायचा की वाजवणं थांबवून बसावं लागे. मग काकू भाकरी आणि ठेचा पुढे ठेवायच्या. फी किती, असं मी एकदाच विचारलं. मास्तर म्हणाले, “पैशे कायचे? धंद्यातल्या पोराले शिकवाचे कोनी पैशे घेते का?” मी त्यांच्या धंद्यातला झालो आहे, हे माझ्या आधी त्यांनी ठरवून टाकलं होतं. माझ्या घरी ते अजून कोणी मान्य केलेलं नव्हतं.

अशाच एका श्रावणात त्यांनी मला तो धडा दिला, ज्यासाठी मी हे लिहितो आहे. ‘गुड्डी’ (१९७१) या सिनेमातली वसंत देसाईंची एक चाल आमच्याकडच्या कितीतरी शाळांत प्रार्थना म्हणून गायली जाते. ती केदार रागातली आहे. मास्तरांनी मला ती वाजवायला लावली. केदारात दोन्ही मध्यम लागतात. तीव्र मध्यम मी शिकलो होतो तसाच घेतला : अंगठा उचलायचा आणि डावी तर्जनी ठेवायची. केदारात तीव्र मध्यम पंचमाच्या अंगणातच राहतो. पंचमावरून निघतो आणि पंचमावर परत येतो. पंचमाला सगळं उघडं असतं, त्यामुळे एकच बोट ठेवायचं आणि उचलायचं. छान निघालं.

मग ते म्हणाले, आता ललत. ते लहानपणी शहनाई वाजवणाऱ्या एका उस्तादांकडे बसलेले होते. पहाटे एकटे असले की ललत वाजवायचे. ललतात पंचम नाही. तिथे शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम एकमेकांना चिकटून येतात. शुद्ध मध्यमाला नुसता अंगठा. त्यावरून तीव्रावर जाताना मी नेहमीसारखा अंगठा उचलला आणि तर्जनी ठेवली. दोन्ही बोटं एकाच क्षणी हलायला हवीत, तशी ती हलत नाहीत. अंगठा आधी सुटला तर मध्येच पंचम डोकावतो, तर्जनी आधी पडली तर गंधार. ज्या रागात पंचम नाहीच, त्या रागात माझ्या प्रत्येक मींडेत पंचमाचा ठिपका पडत होता.

मास्तरांनी वाद्य घेतलं. अंगठा होता तसाच ठेवला आणि उजव्या तर्जनीनं बाजूच्या खालच्या दोन चाव्या एकदम दाबल्या. तीव्र मध्यम आला. चाव्या सोडल्या, शुद्ध आला. डावा हात हललाच नाही. मध्ये काही डोकावलं नाही.

मी विचारलं, “मग खरा तीव्र मध्यम कोणता, मास्तर? तो की हा?”

ते म्हणाले, “आंधी काय होतं अन् मंग काय येते, थे सांग. बोट मंग ठरते.”

माझी एका उत्तराची समजूत तिथे संपली. केदारात तर्जनीचा तीव्र मध्यम खरा, ललतात चाव्यांचा. सुराला शेजार असतो आणि बोट शेजार पाहून घ्यायचं असतं. या एका प्रश्नानं आधी दिलेल्या सगळ्या युक्त्या एका ओळीत येऊन बसल्या. मालकंसात रिषभ नसतो. तार सा वरून थेट कोमल गंधारावर जावं लागतं. तो कोमल गंधार उजव्या करंगळीखेरीज निघत नाही, म्हणून तिच्या आधीचा सा डाव्या करंगळीनंच घ्यायला हवा, नाहीतर एका करंगळीला दोन ठिकाणी उभं राहावं लागतं. वरच्या नी वरून सा वर जाऊन परत नी वर यायचं असेल, तर उजवी करंगळी सा वर बसवून ठेवायची आणि डावीनं नुसतं नी चं दार उघडझाप करायचं. मंद्र कोमल निषादावरून कोमल गंधारावर उडी असेल, तर उजवी तर्जनी उचलायचीच नाही. डाव्याची दोन बोटं सोडली की गंधार हजर. ‘बैजू बावरा’ (१९५२) मधलं मालकंसातलं भजन बँडमध्ये मी कितीदा तरी वाजवलं होतं. तार सा वर माझी करंगळी का अडखळते, हे त्या दिवशी कळलं.

कळलं ते वरातीत कुणाच्या कानावर पडणार होतं? ढोल, ताशा, ट्रम्पेटच्या गदारोळात क्लॅरिओनेटचा एक ठिपका गेला काय नि राहिला काय. बँड मांडवाबाहेर उभा असतो. आमची पंगत शेवटी बसायची, कधी कधी वाढणाऱ्यांचे हात थकल्यावर. अशा एका लग्नात, भर मे महिन्याच्या उन्हात, मास्तर मधल्या सुरांना उजव्या हाताची बोटं झाकून वाजवत होते. उन्हानं क्लॅरिओनेट चढतं, आणि हे मधले सूर तर एरवीही चढेच. तोंडाकडचा जोड, म्हणजे बॅरल, बाहेर ओढूनही ते पुरते उतरत नाहीत. खाली बोटं झाकली की ते किंचित उतरतात आणि गोल होतात. मी म्हणालो, कोण ऐकतंय मास्तर? ते म्हणाले, “उद्या कोनी ऐकनारा भेटला, त हात कोठून आनशील?”

त्यांना तो ऐकणारा आयुष्यात कितीसा भेटला असेल, मला माहीत नाही. शेगावची पालखी पंढरपूरहून परत येते तेव्हा शेवटच्या टप्प्यात खामगाव ते शेगाव हजारो माणसं पायी चालतात. त्या रस्त्यावर मी त्यांना एकदा रस्त्याकडेला बसून, पालखी पुढे गेल्यानंतर, स्वतःशी वाजवताना ऐकलं. जे वाजवत होते त्यात एकही सूर आयत्या बोटानं घेतलेला नव्हता. मागचा आणि पुढचा पाहूनच प्रत्येक सूर लागत होता. मी जवळ गेलो नाही.

पुढे मला शिक्षकाची नोकरी लागली आणि मी घाटावर गेलो. बँड सुटला. पहिली काही वर्षं वाद्य पेटीतच होतं. शाळेत बँड बसवायचं ठरलं तेव्हा ते बाहेर काढलं आणि शिकवायला पुस्तक हवं म्हणून शोध सुरू केला. एका निवृत्त पोलीस बँडवाल्यांनी मला बोटांचा छापील तक्ता दिला. त्यात प्रत्येक सुरासमोर भोकांची चित्रं होती आणि काही सुरांसमोर दोन, तीन, चार चित्रं. मी तो तक्ता घेऊन रात्री बसलो. बाजूच्या दोन चाव्यांचा तीव्र मध्यम तिथे होता. दोन्ही करंगळ्यांचा सा तिथे होता. डाव्या आणि उजव्या तर्जनीचा कोमल गंधारही होता. मास्तरांच्या ज्या गोष्टींना मी वेळ मारून नेण्याच्या युक्त्या समजत होतो, त्या जगभर छापून शिकवल्या जात होत्या.

त्या तक्त्यानं मला वाद्याचा इतिहासही वाचायला लावला. १७०० च्या सुमारास जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये योहान ख्रिस्टोफ डेनर यांनी हे वाद्य घडवलं. पुढे शंभराहून अधिक वर्षं कारागीर त्याला एकेक चावी जोडत राहिले. इवान म्युलर यांनी तेरा चाव्यांचं क्लॅरिओनेट केलं, ते १८१२ मध्ये पॅरिसच्या संगीत विद्यालयाच्या समितीनं नाकारलं. तरी मास्तरांच्या तरुणपणीचं वाद्य त्याच घराण्यातलं होतं. आणि दोन्ही करंगळ्यांना त्याच चाव्या देणारं, सतरा चाव्यांचं आजचं वाद्य वादक क्लोझे आणि कारागीर ब्युफे यांनी मिळून केलं. १८३९ मध्ये ते प्रदर्शनात आलं आणि १८४४ मध्ये त्याचं पेटंट निघालं. एकाच सुराला दोन वाटा असाव्यात हे त्यांनी मुद्दाम ठरवून केलं होतं. खामगावच्या पडवीत मास्तर ज्या करंगळ्यांबद्दल बोलायचे, त्यांचा विचार पॅरिसमध्ये बसलेल्या दोन माणसांनी करून ठेवलेला होता.

पण तक्त्यात एक गोष्ट नव्हती. चार चित्रं होती, त्यातलं कुठलं केव्हा हे सांगायला फार तर दोन शब्द होते. मींडेत बोट भोकावरून किती हळू सरकवायचं, आंदोलित कोमल गंधाराला कुठली तऱ्हा झुलू देते, हे त्यात असणं शक्यच नव्हतं. तो आपल्या संगीतासाठी केलेला नव्हता. तक्ता घेऊन मी खामगावला गेलो. मास्तरांनी तो चष्मा लावून बराच वेळ पाहिला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, चित्रं कळत होती. एका चित्रावर बोट ठेवून म्हणाले, हे नाही माहीत मले. लगेच वाद्य काढून ते वाजवून पाहिलं, मागचा सूर लावून, पुढचा लावून. मग म्हणाले, चांगलं हाय, पन घाईत नाही चालनार. सत्तरीकडे आलेला माणूस एका नव्या बोटासाठी असा उठून बसला, हे मी शिक्षक म्हणून आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं शिक्षण आहे.

त्यानंतर मी त्यांना फोनवर वाजवून दाखवू लागलो. एकदा भैरवीत कोमल निषादाला शिवून पुढे जात होतो. पलीकडून आवाज आला, “उजवा हात उचलला काहून?” फोनच्या खरखरीत त्यांना माझा हात दिसला होता.

ते गेल्यानंतर काकूंनी त्यांचं वाद्य मला देऊ केलं. मी ते घेतलं नाही. त्यांच्या नातवाकडे असावं असं वाटलं. मी ठेवली ती फक्त आठवण. ते शिकवताना माझ्याकडून काय वदवून घ्यायचे, ते सगळं मी वहीत उतरवलं. प्रत्येक सुरासमोर दोन रकाने केले : आधी काय, नंतर काय. त्यापुढे बोटं. बऱ्याच जागा रिकाम्या राहिल्या. त्यांच्या हातात पाहिलेल्या पण माझ्या हातात न आलेल्या कितीतरी तऱ्हा आता परत मिळायच्या नाहीत. फी न घेताना त्यांनी एकच सांगितलं होतं, धंद्यातलं कोनी आलं त नाही म्हनू नको. म्हणून सुट्टीत माझ्याकडे बँडवाल्यांच्या घरची मुलं येतात. डीजेमुळे त्यांची कामं कमी झाली आहेत, तरी येतात.

त्यातली एक मुलगी आहे. हात लहान, उजवी करंगळी चाव्यांवर नीट पोचत नाही. ती वाटेल तिथे डाव्या करंगळीनं काम भागवते आणि उजवीवाचून गत्यंतर नसेल तिथेच सगळा हात सरकवते. मालकंस वाजवत होती. कोमल निषादाला ती कधी उजवा पंजा झाकून मागच्या चावीनं सूर घ्यायची, कधी पंजा उचलून बाजूची तिसरी चावी दाबायची. पहिल्या तऱ्हेचा निषाद दबका असतो, दुसऱ्या तऱ्हेचा खुला. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला : आधी काय, नंतर काय? ती म्हणाली, “सर, दोन्ही वेळी आधी सा आहे आणि नंतर पण सा आहे. पण एकदा मी निषादावर थांबते आहे आणि एकदा नुसती शिवून परत जाते आहे.”

तिचं बरोबर होतं. शेजार तोच, मुक्काम वेगळा. शिवून परत सा वर जायचं तर पंजा उचलणं परवडत नाही. थांबायचं असेल तर दबका सूर कानाला सहन होत नाही, आणि पंजा उचलायला वेळही असतो. फोनवर मास्तरांनी मला टोकलं ते याच निषादावर. भैरवीतली ती सुरावट चालू ठेवायची होती आणि मी मुक्कामाचं बोट घेतलं होतं. मी तेव्हा हात बदलला, कारण विचारलं नाही. मास्तर हा हिशेब करतच असणार, कारण त्यांच्या वाजवण्यात तो फरक मला ऐकू यायचा. त्यांनी तो शब्दांत कधी सांगितला नाही आणि मलाही सुचला नव्हता.

त्या संध्याकाळी मी वहीत तिसरा रकाना आखला : किती थांबायचं. कोमल निषादासमोर तिची दोन्ही बोटं लिहिली. मग मागे जाऊन मास्तरांची एकेक तऱ्हा नव्या रकान्याला लावून पाहू लागलो. ज्या जागा इतकी वर्षं रिकाम्या होत्या, त्यातल्या काही भरता येतील असं दिसतं आहे.